उकिरड्यातली बुरशी आणि निळ्या रक्ताचा प्राणी

आषाढ-श्रावणात कोल्हापुरात एक वेळ अशी येते, की घरातली एकही वस्तू बुरशीच्या तावडीतून सुटत नाही. पन्हाळ्याकडनं ढग उतरतात, पंचगंगा पात्राबाहेर पडते, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि मग खुंटीवरचा चामड्याचा पट्टा, फळीवरची पायताणं, झाकायची राहून गेलेली भाकरी, गुळाच्या ढेपेवरचं फडकं, परड्यातली कडब्याची गंजी, अगदी देव्हाऱ्यातल्या पोथीचा पुठ्ठा, सगळ्यावर हिरवट, राखाडी, पांढरी लव उगवते. माझी आजी 'बुरा चढला गं बाई' म्हणत ती पायताणं चुलीच्या उबेला धरायची आणि आम्ही पोरं त्या लवेवर फुंकर मारून धुराची रेघ उडवायचो. ती उडणारी रेघ म्हणजे बुरशीच्या हजारो बिया होत्या, हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार! शास्त्राच्या पुस्तकात त्यांना बीजाणू म्हणतात, आणि त्या इतक्या बारीक असतात, की माणसाच्या एका केसाच्या रुंदीत वीस-पंचवीस जणी शेजारी-शेजारी सहज मावतील.

आता त्याच घरात, त्याच ओलीत, उंबऱ्याशी पोत्यावर आडव्या पडलेल्या कुत्र्याकडे बघा. अंग भिजलेलं, नाक जमिनीला टेकलेलं. गंजीत उंदीर हुंगायला तोंड खुपसतो, उकिरडा उकरतो, आणि दर श्वासागणिक त्या बिया आत ओढतो. भाकरी बुरसली, पट्टा बुरसला, मग हा एवढा मांसाचा, रक्ताचा, ओलसर गोळा आतून का बुरसत नाही? साधा वाटणारा हा प्रश्न आहे खरा, पण त्याच्या पाठीमागं लागलं की माणूस उकिरड्यावरनं निघतो तो थेट ओडिशाच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पोचतो. बसा निवांत, लाईट गेलीच आहे, कंदील आहे, सांगतो सगळं.

पहिलं उत्तर आहे अंगातली ऊब. कुत्र्याच्या अंगाला हात लावला तर आपल्यापेक्षा ते जरा कोमटच लागतं, कारण धडधाकट कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला ज्याला ताप म्हणून अंथरूण धरावं लागेल तो त्याचा रोजचा धर्म. आणि बहुतेक बुरशींना ही ऊब सोसत नाही. 2009 साली व्हिन्सेंट रोबेर आणि आर्तुरो कासादेवाल या दोघा शास्त्रज्ञांनी नेदरलँड्समधल्या बुरशींच्या मोठ्या संग्रहातले 4,802 वाण तपासले, कोणता वाण किती उबेपर्यंत वाढतो ते बघितलं, आणि त्यांना असं दिसलं, की 30 अंश सेल्सियसच्या पुढं एकेक अंश वर चढत गेलं की दर अंशाला सुमारे सहा टक्के वाण गळत जातात. गरम रक्त हे प्राण्यांना मिळालेलं बुरशीविरुद्धचं कवच आहे, असं कासादेवाल सांगत आलेत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपण दिवसाला दोन वेळा जेवतो आणि त्यातलं कितीतरी अन्न नुसतं अंग ऊबदार ठेवण्यात जळून जातं. बेडूक-सरडे तसं करत नाहीत, म्हणून ते थोडक्यात भागवतात. पण बुरशी बेडकांच्या राशीच्या राशी मारून गेली आणि आपल्याला मात्र क्वचित शिवते.

या म्हणण्याला वटवाघळांनी मोठी करुण साक्ष दिली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत 2006 च्या हिवाळ्यात वटवाघळं नाकाला पांढरी लव आलेली सापडली, आणि पुढं लाखांनी मेली. ही बुरशी थंडीत वाढणारी. जाग्या, उडत्या वटवाघळाला ती काही करू शकत नाही, पण थंडीत ते झोपी गेलं, अंगाची ऊब खाली आणून गुहेच्या दगडाइतकं गार झालं, की हिला रान मोकळं. कवच उतरवून झोपलेल्याला गाठायचं, असा तिचा डाव.

आता तुम्ही म्हणाल, ऊब आहे तर मग झालं की, कुत्र्याला बुरशीची भीतीच नको. तसं नाही ना. कारण गावातच एक जागा आहे, जिथं बुरशीला उन्हाळा सोसायचं शिक्षण मिळतं, आणि ती जागा म्हणजे आपला उकिरडा. पौष महिन्यात सकाळी शेणखताच्या खड्ड्याकडे गेलात तर त्यातनं वाफ निघताना दिसेल. वरचा थर बाजूला सारून आत हात घातला तर चटका बसतो. शेण, पाचट, वैरणीचं उष्टं, चूलभर राख, हे सगळं आत कुजताना असं तापतं, की मधला भाग पन्नास-साठ अंशांवर जातो. तिथं एक बुरशी आनंदानं नांदते. तिचं नाव अस्परजिलस फ्युमिगेटस. ती पन्नास अंशांतही वाढते, तर कुत्र्याचं अंग तिला गारच म्हणायचं! प्राण्यांत शिरावं म्हणून ती हे शिकली नाही. ती शिकली खतात जगण्यासाठी, आणि ते शिकता शिकता आपल्यापर्यंत पोचायची वाट तिला आपसूक सापडली.

नावाची कथा मोठी गमतीची आहे, एवढी सांगून पुढं जातो. इटलीत फ्लॉरेन्सला पिएर आंतोनिओ मिकेली नावाचा वनस्पतींचा मोठा जाणकार होता, धर्मगुरूही होता. 1729 साली त्यानं भिंगातनं या बुरशीचा एकेक दांडा बघितला, टोकाला गोल बोंड, बोंडावर चहूबाजूंनी बियांच्या माळा, आणि त्याला चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायचं जे उपकरण असतं त्याची आठवण झाली. त्याच्या नावावरनं त्यानं हिला अस्परजिलस म्हटलं. पुढं 1863 साली जर्मनीतल्या फ्रेझेनियसनं हीच बुरशी एका मेलेल्या पक्ष्याच्या श्वासनळ्यांत आणि हवेच्या पिशव्यांत पाहिली, तिला फ्युमिगेटस म्हणजे धुरकट हे नाव दिलं, आणि तो पक्षी कोण होता म्हणाल तर युरोपातला बस्टर्ड, म्हणजे आपल्या सोलापूरकडच्या माळढोकाचा भाऊबंद.

आता कुत्र्याकडे येऊ. आपल्या भागात कारवानी कुत्रा तुम्ही बघितला असेल, पाय लांब, पोट आत गेलेलं, कमरेत कमान आणि तोंड तर असं निमुळतं, की दुधाच्या चरवीत तळापर्यंत जावं. हेच कुत्रं मुधोळी म्हणून ओळखलं जातं. मुधोळच्या घोरपडे राजांनी या जातीची निगा राखली, आणि 2005 साली पोस्टानं मुधोळीचं तिकीट काढलं. एवढं लांब नाक वरनं नुसतं नळकांडं वाटतं, पण आत हाडांच्या पातळ पदरांची गुंडाळी असते, कोबीचा गड्डा उभा चिरला तर आत जसे पदर दिसतात अगदी तशी, आणि प्रत्येक पदरावर ओलसर कातडं. त्याच्यावरनं हवा फिरते, ऊब घेते, वास सोडते. इतक्या पदरांत कुठं एखादं बीज अडकलं, आणि त्या वेळेला अंगाचा पहारा ढिला पडला, तर उकिरड्यातली ती बाई तिथं संसार मांडते. लांब नाकाच्या जातींत, अल्सेशियन, कोली अशांत, हा नाकाचा रोग जास्त दिसतो. चपट्या तोंडाच्या पगला तो सहसा होत नाही.

धरून चला, हातकणंगल्याकडं एखाद्या मळ्यात असा एक कुत्रा आहे. आधी एका नाकपुडीतनं शेंबूड, मग तोच घट्ट आणि घाण वासाचा, मग शिंका, आणि एके दिवशी शिंकेसरशी भिंतीवर रक्ताचे शिंतोडे. नाकाचा काळा शेंडा एका बाजूनं गुलाबी पडायला लागतो, कारण बुरशी तिथला रंग खाऊन टाकते. मालक घाबरतो. शेजारी म्हणतो, गोचीड ताप असणार. आणि शेजाऱ्याचं चुकत नाही हो! गोचिडीतनं येणारा एर्लिकिया नावाचा जंतू रक्त गोठवणाऱ्या पेशी इतक्या कमी करतो, की नाकातनं रक्त वाहतं. साठच्या दशकाच्या अखेरीला व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकी लष्कराचे कितीतरी अल्सेशियन या तापानं असेच नाकातनं रक्त जाऊन मेले. दुसरा म्हणतो, माळावरचं कुसळ शिरलं असेल, आणि तेही खरं असू शकतं, दिवाळीनंतर माळावर फिरलेल्या कुत्र्याच्या नाका-कानातनं डॉक्टर मंडळी चिमट्यानं कुसळं काढतातच. म्हाताऱ्या कुत्र्यात गाठ असू शकते. म्हणून जनावरांचा डॉक्टर पहिलं रक्त घेतो ते बुरशीसाठी नव्हे. काचेवर थेंब पसरून गोचीड तापाचे जंतू बघतो, पेशी मोजतो, ते सगळं ठीक निघालं की मग बुरशीचा विचार करतो.

नाकात काडी फिरवून ती बशीत घातली आणि बुरशी उगवली की झालं, असं वाटेल कुणालाही. पण तिथंच घोळ आहे. धडधाकट कुत्र्याच्या नाकातनं घेतलेल्या काडीवरही ती उगवू शकते, कारण दिवसभर तो हुंगत हिंडलेला असतो! बी आत गेलं एवढंच त्यातनं कळतं. त्या बीचा संसार झाला का, कुत्र्याचं अंग तिच्याशी झुंजतंय का, हे कळायचं तर रक्ताला विचारावं लागतं. आणि रक्ताला दोन निराळे प्रश्न विचारता येतात. एक, बाबा रे, तुझी कुणाशी झुंज झाली? दोन, शत्रूचं काही सांडलेलं तुझ्यात वाहतंय का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर रक्तातल्या प्रतिपिंडांत असतं. अंग ज्याच्याशी झुंजलं त्याच्या मापाची प्रथिनं रक्तात तयार होतात, आणि ती त्यालाच चिकटतात, दुसऱ्याला नाही. ती डोळ्यांना दिसत नाहीत. ती दाखवायची युक्ती काढली स्वीडनच्या ओर्यन औख्टरलोनीनं, 1948-49 च्या सुमाराला. बशीत पारदर्शक, मऊ थर ओतायचा, गोठला की त्यात छोटे खड्डे पाडायचे, एका खड्ड्यात बुरशीचा अर्क, शेजारच्या खड्ड्यात कुत्र्याच्या रक्तातलं पाणी, आणि बशी झाकून ठेवून द्यायची. दोन्ही रस थरातनं हळूहळू पसरत एकमेकांकडं सरकतात. ओळखीचे असले, तर एक-दोन दिवसांत मधोमध पांढरी रेघ उमटते. नसले, तर बशी स्वच्छ. यंत्र नाही, वीज नाही, नुसती वाट बघायची. मला तर या तपासाचं फार कौतुक आहे. कंदिलाच्या उजेडातही तो वाचता येईल.

आणि तो थर कशाचा, माहितेय? अगारचा. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला चायना ग्रास! समुद्रातल्या लाल शेवाळाचा तो अर्क. प्रयोगशाळेत तो आला कसा, तेही एका बाईच्या हातगुणानं. बर्लिनला रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत 1881 च्या सुमाराला वाल्टर हेसे नावाचा डॉक्टर काम करायचा, आणि उन्हाळ्यात त्याचे जिलेटिनचे थर विरघळून सगळी मेहनत पाण्यात जायची. त्यानं बायकोला, फॅनी हेसेला, विचारलं, तुझी जेली उन्हाळ्यात कशी गं टिकते? तिला जाव्यात राहून आलेल्या शेजाऱ्यांनी अगारची खूण सांगितली होती, ती तिनं नवऱ्याला सांगितली. दुसऱ्याच वर्षी कॉखनं क्षयाच्या जंतूंवर लिहिताना अगारचा उल्लेख केला, पण त्या बाईचं नाव त्यात नव्हतं. दीडशे वर्षं होत आली, जगभर रोज लाखो बशा अगारनं भरतात. तिचं नाव पोरांना शाळेत शिकवायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

ही पांढरी रेघ मोठी विश्वासू. 2007 साली छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं, की ज्यांना नाकाची अस्परजिलस नव्हती अशा शंभरांतल्या 98 कुत्र्यांत रेघ उमटत नाही. पण ज्यांना खरोखर रोग होता, त्यांतल्या शंभरी 67 कुत्र्यांतच ती उमटली. म्हणजे रेघ दिसली तर डॉक्टरानं बुरशी धरून चालावं, नाही दिसली तर कुत्र्याला घरी पाठवून निश्चिंत होऊ नये. आत दुर्बीण घालून बघावं, बुरशीचा राखाडी थर डोळ्यांनी दिसला की सगळे वाद मिटतात.

दुसरा प्रश्न, शत्रूचं सांडलेलं शोधायचा. बुरशीची भिंत साखरेच्या लांब साखळ्यांची असते, आणि वाढताना ती त्यातली एक साखळी, गॅलॅक्टोमॅनन, आजूबाजूला सांडत जाते. ती रक्तात सापडली की समजायचं, बाई घरात आहे. पण गंमत बघा, नाकातल्या रोगात ही साखर रक्तात क्वचितच सापडते, कारण तिथं बुरशी पदरांच्या वरवर राहते, हाडं कुरतडते, पण रक्तात उतरत नाही. ती कामी येते निराळ्याच रोगात. अल्सेशियन जातीत, त्यातही तरण्या कुत्रींत, अस्परजिलसची दुसरी एक बहीण, टेरियस नावाची, रक्तातनं अंगभर पसरते, मणक्यांच्या मधे, मूत्रपिंडात, डोळ्यांत जाऊन बसते. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ती प्रथम नीट वर्णन केली. कुत्रीची आधी पाठ धरते, ती उडी मारायची सोडते, वजन उतरतं, आणि मालकाला वाटतं लागलं असेल कुठंतरी. अशा वेळी रक्तातली, लघवीतली ही साखर रोग पकडून देते.

पण साखर खोटंही बोलते. काही सलाईनमध्ये ग्लुकोनेट नावाचा क्षार घालतात, आणि हा ग्लुकोनेट कारखान्यात करतात तो अस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीकडनंच आंबवून! त्या बुरशीची साखर चुकून सलाईनमध्ये उतरते, सलाईन कुत्र्यात जातं, आणि तपास सांगतो, बुरशी आहे. रक्त घ्यायच्या आधी कुत्र्याला कोणतं सलाईन लावलं होतं हे डॉक्टरानं प्रयोगशाळेला कळवायलाच हवं.

आता मी ज्याच्यासाठी एवढा वेळ बसवून ठेवलं ते सांगतो. बुरशीच्या भिंतीत आणखी एक साखर असते, बीटा-ग्लुकन. बहुतेक सगळ्या बुरशींत असते, कुत्र्याच्या अंगात बनत नाही. ती रक्तात अगदी कणभर असली तरी ओळखणारा एक प्राणी आहे. समुद्रात राहतो. घोड्याच्या नालेसारखी त्याची पाठ, म्हणून त्याला नाल-खेकडा म्हणतात, पण तो खेकडा नव्हे. नात्यानं तो विंचू-कोळ्यांच्या जवळचा. मागं लांब टोकदार शेपूट, पाठीवर आणि पोटावर मिळून दहाएक डोळे. त्याच्या डोळ्यावर काम करून केफर हार्टलाइनला 1967 चं नोबेल मिळालं. चव्वेचाळीस-पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात त्याच्या पूर्वजांचे ठसे सापडतात. तेव्हा जमिनीवर झाडसुद्धा नव्हतं, कुत्रा-माणूस तर सोडाच. आणि त्याचं रक्त निळं! आपल्या रक्तात लोह, त्याच्या रक्तात तांबं, म्हणून हवा लागली की ते आभाळासारखं निळं होतं.

त्याच्याकडं आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत. पूर्वी कुणाशी झुंजलो याची नोंद तो ठेवत नाही. चिखलात, जंतूंच्या गर्दीत राहायचं, कवचाला चीर पडली तर वाट बघायला वेळ नाही. म्हणून त्याच्या रक्तपेशींत अशी द्रव्यं भरलेली असतात, की जंतूचा वास लागला की ती फुटतात आणि रक्त तिथल्या तिथं गोठतं, जंतू त्या गुठळीत अडकून राहतो. 1956 साली अमेरिकेत वुड्स होल इथं फ्रेडरिक बँगनं हे पाहिलं. समुद्रातले जंतू टोचले तर प्राण्याचं अख्खं रक्त थिजलं. पुढं जॅक लेव्हिननं त्याच्याबरोबर त्या पेशींचा अर्क काढून बाटलीत ठेवला, आणि जंतूचं विष कणभर असलं तरी बाटलीतला अर्क गोठतो हे दाखवलं. आज माणसाला टोचायच्या लशी, सलाईनच्या बाटल्या या अर्कावर तपासल्या जातात. आपल्या प्रत्येकाच्या दंडात गेलेल्या लशीपाठीमागं हा प्राणी उभा आहे, हे किती जणांना ठाऊक असेल!

पण लोकांची एक अडचण व्हायची. जंतूचं विष नसताना कधीकधी अर्क गोठायचा. जपानच्या क्युशू विद्यापीठात सादाकी इवानागा आणि त्याच्या सोबत्यांनी 1981 च्या सुमाराला शोधून काढलं, की त्या रक्तात दोन स्वतंत्र वाटा आहेत: एक जंतूच्या विषानं पेटते, दुसरी बुरशीच्या बीटा-ग्लुकननं. तो अर्क जंतूंसाठी नको, नुसता बुरशीसाठी हवा, म्हणून मग पहिली वाट बंद करून दुसरी ठेवली, आणि गोठण्याच्या जागी पिवळा रंग उमटेल अशी व्यवस्था केली. रक्तात बुरशीची साखर जितकी, तितका रंग गडद. कुत्र्यांवरही हा तपास करून बघितला गेलाय. माणसांत तो जितका रुळला तितका कुत्र्यांत रुळलेला नाही, आणि रक्त काढताना कापसाची पट्टी जखमेला लागलेली असली तरी तो फसतो, कारण कापसाच्या धाग्याबरोबरही तशीच साखर येते. पण हातकणंगल्याच्या मळ्यातल्या कुत्र्याच्या रक्तात काय लपलंय ते बघायला समुद्रातल्या एवढ्या जुन्या जिवाच्या रक्ताची साक्ष काढता येते, ही गोष्ट ऐकूनच मला दरवेळी नवल वाटतं.

हा प्राणी आपल्या कोकणात सापडत नाही, पण आपल्या देशात आहे. ओडिशात बालेश्वरच्या बाजूला आणि बंगालच्या किनाऱ्यावर त्याच्या दोन जाती येतात, पुनवेच्या आणि अवसेच्या मोठ्या भरतीला नर-मादी जोडीनं वाळूत चढतात आणि अंडी पुरतात. गोव्याला दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अनिल चॅटर्जी यांनी वर्षानुवर्षं या प्राण्याच्या जगण्याचा आणि रक्ताचा अभ्यास केला. 2009 पासून वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. अमेरिकेत मात्र दरवर्षी लाखांनी पकडतात, रक्ताचा साधारण तिसरा हिस्सा काढून घेतात आणि परत समुद्रात सोडतात, आणि त्यातले काही पुढं जगत नाहीत. जंतूंच्या विषाचा तपास आता प्रयोगशाळेत दुसऱ्या पेशींकडनं बनवून घेतलेल्या प्रथिनानं, प्राण्याला हात न लावता, करता येतो. सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी ते साधलं. हे सगळीकडं रूढ व्हायला पाहिजे. एवढ्या जुन्या जिवाचं आपण रक्त मागतो, तर तो उरावा एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

रोग ठरला की औषधाची वेळ येते. नाकातल्या बुरशीला कुत्र्याला बेशुद्ध करून क्लोट्रिमाझोल नावाचं औषध नाकाच्या पदरांत भरून तासभर ठेवतात, दर पंधरा मिनिटांनी त्याला कुशीवरनं कुशीवर करतात, म्हणजे ते कोपऱ्याकोपऱ्यात पोचतं. आणि बुरशीवरच्या औषधांचं नाव निघालं की मला पिंपरी आठवते. तिथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला पिंपरीच्याच मातीतल्या एका जंतूपासून हॅमायसिन काढलं, आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ते तिकडच्या एका जिवावर उठणाऱ्या बुरशीवर रुग्णांना देऊन बघितलं. पुण्याजवळच्या मातीनं सातासमुद्रापलीकडच्या माणसाला हात दिला.

जाता जाता एक सांगतो, कारण रक्ताचे हे सगळे तपास एका बुरशीपुढं हात टेकतात. क्रिप्टोकोकस तिचं नाव. कबुतरांच्या विष्ठेत ती वाढते. 1955 साली अमेरिकेच्या चेस्टर एमन्सनं ती तिथं शोधून दाखवली. जुन्या वाड्याच्या माडीवर कबुतरं वर्षानुवर्षं बसतात, त्या वाळक्या विष्ठेच्या धुळीत तिच्या बिया असू शकतात. तिच्यात बीटा-ग्लुकन अगदी थोडं, म्हणून निळ्या रक्ताचा अर्क गप्पच राहतो. तिची साखळी गॅलॅक्टोमॅनन नव्हे, म्हणून तो तपासही गप्प. ती कुत्र्याच्या मेंदूत, डोळ्यांत जाऊन बसते, कुत्रा अडखळतो, भिंतीला धडकतो. पण तिचा एक स्वभाव तिला पकडून देतो: ती स्वतःभोवती साखरेचं जाड वेष्टण घेऊन हिंडते, आणि ते वेष्टण रक्तात सुटत राहतं. प्लॅस्टिकच्या बारीक मण्यांवर त्या वेष्टणाची प्रतिपिंडं चिकटवायची, त्यावर कुत्र्याच्या रक्तातलं पाणी टाकायचं, आणि मणी एकमेकांना चिकटून दाणे धरले की बुरशी सापडली. बुरशीच्या रक्ततपासण्यांत याच्याइतका भरवशाचा दुसरा क्वचितच.

मग त्याच रक्ताला पाणी घालून निम्मं करायचं, पुन्हा निम्मं, पुन्हा निम्मं, आणि कितव्या वेळेपर्यंत मणी चिकटतात ते मोजायचं. तो आकडा हजारावर असू शकतो. औषध सुरू झालं की महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त घेतात, आकडा शेकड्यावर येतो, मग विसावर, आणि कुत्रा मधेच शेपूट हलवायला, भाकर मागायला लागला तरी डॉक्टर औषध थांबवत नाही. मणी अगदी न चिकटण्यापर्यंत आकडा उतरेतो, कधी सहा महिने, कधी वर्ष, गोळी चालूच ठेवायची, आणि थांबवल्यावरही काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं.